दाढीचे पाते : काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये

काही प्रश्न इतके क्षुल्लक वाटतात की, ते शास्त्राच्या दारी नेण्याचा आपणांस संकोच वाटतो. दाढीचे पाते किती दिवस टिकावे आणि ते अधिक दिवस टिकावे म्हणून काय करावे, हा प्रश्न त्यांपैकीच एक होय. तरीही देशातील कोट्यवधी माणसे रोज सकाळी आरशासमोर उभी राहून हाच प्रश्न मनात घोळवीत असतात, आणि प्रत्येकाने त्याचे आपापले उत्तर शोधून ठेवलेले असते. कोणी पाते पुसून ठेवतो, कोणी त्यावर तेलाचा थेंब सोडतो, कोणी जुन्या पट्ट्यावर घासतो. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला पाते बोटाने दाबून पुढेमागे फिरवीत. त्या वेळचा तो किणकिण आवाज अजून कानांत आहे. या साऱ्या उपायांपैकी खरे किती आणि केवळ सवयीचे किती?

या पुस्तिकेत मी दोन मते मांडणार आहे. पहिले असे की, पात्याचे आयुष्य वाढविणे शक्य आहे. परंतु त्याचा खरा मार्ग धार लावण्यात नसून केस, पाणी, साबण आणि हाताचा दाब यांच्याकडे लक्ष देण्यात आहे. दुसरे मत अधिक महत्त्वाचे आहे. ही काटकसर ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या चेहऱ्यापुरती करावी. जेथे एकच पाते दोन माणसांच्या त्वचेला लागते, तेथे तीच काटकसर अपराधासारखी आहे.

पाते ही वस्तू

पातळ पोलादी पाते वापरून टाकून द्यावे, ही कल्पना फार जुनी नाही. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याने १९०१ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १९०४ साली त्याला ते मिळाले. कागदासारखे पातळ पोलाद कठीण करून त्याला धार देता येईल, यावर त्या काळच्या अनेक जाणत्यांचा विश्वास नव्हता. विल्यम निकरसन या अभियंत्याने त्यासाठी यंत्रे व पद्धती तयार केल्या. १९०३ साली विक्रीस आरंभ झाला, तेव्हा वर्षभरात अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी यंत्रांची विक्री नव्वद हजारांवर गेली.

आज बाजारात मिळणारे दुधारी पाते साधारणतः ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरचा दहावा भाग इतके जाड असते. त्याचे वजन एका ग्रॅमहूनही कमी भरते. ज्या पोलादापासून ते बनते, त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम व अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कर्ब असतो. पोलाद सुमारे हजार अंशांहून अधिक तापवून झपाट्याने थंड करतात. त्यायोगे त्याच्या आत मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. मग धार काढतात आणि धारेवर क्रोमियमसारख्या कठीण द्रव्याचा व त्यावर एका निसरड्या बहुवारिकाचा अतिपातळ थर देतात. न चिकटणाऱ्या तव्यांवर जे द्रव्य असते, तेच हे. धारेचे टोक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक असते. तेथे डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून पात्याविषयीच्या आपल्या बहुतेक कल्पना डोळ्याने पाहिलेल्या नसून गालाला जाणवलेल्या आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पोलादाला केस कसा हरवितो?

येथे एक सहज शंका निघते. पोलाद हे केसाहून सुमारे पन्नास पट कठीण आहे. मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवीत नाही, असा आपला अनुभव. मग दहा-पंधरा दाढ्यांत पाते निकामी का व्हावे?

या प्रश्नाचा छडा लावण्याचा एक उत्तम प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. जियानलुका रोशिओली, मोहादेसेह ताहेरी-मूसावी आणि जेम ताशान या संशोधकांचा तो निबंध ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोशिओली यांनी स्वतःची दाढी करून, प्रत्येक दाढीनंतर ती पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली. धार घासून गोल झालेली दिसेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात धारेवरून पोलादाचे बारीक टवके निघालेले दिसले. मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापण्याचे एक छोटे उपकरण त्यांनी बसविले आणि टवका नेमका केव्हा उडतो, हे पाहिले.

निष्कर्ष असा निघाला की, केस घट्ट धरून धारेला काटकोनात कापला, तर पात्याला इजा होत नाही. केसाला वाकण्यास मोकळीक असली, म्हणजे तो कापला जाता जाता कलतो आणि धारेवर आडवा जोर देतो. टवके निघतात ते तेव्हा. त्यातही, जेथे केसाची कड धारेला टेकते त्या जागी, आणि जेथे पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसून कठीण व त्या मानाने मऊ भाग शेजारी शेजारी आलेले असतात तेथे, टवका उडण्याचा संभव सर्वांत अधिक. म्हणजे केस पोलादाला घासून झिजवीत नाही. त्याच्या आधीच्या दुबळेपणावर बोट ठेवून ते फोडतो. मोठी भिंत कशी पडते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

या एका निरीक्षणाने पुष्कळ घरगुती उपायांचा निकाल लागतो. धार केवळ वाकली असेल, तर चामड्याच्या पट्ट्यावर किंवा काचेवर फिरवून ती काही अंशी सरळ होऊ शकते. जुन्या जाड वस्तऱ्याची गोष्ट तीच होती, आणि कर्बयुक्त साध्या पोलादाच्या पात्यांनाही पेल्याचा थोडाफार उपयोग होत असावा. परंतु उडालेला टवका पट्ट्याने भरून येत नाही. तो घालवायचा, तर आजूबाजूचे पोलाद झिजवून धार पुन्हा नव्याने काढावी लागेल. तसे करताना त्यावरचा निसरडा थर मात्र निघून जाईल. आजच्या पात्याला पेला किंवा पट्टा दाखविणे म्हणूनच मला तोट्याचे वाटते.

आधी केस, मग पाते

पाते टिकवायचे असेल, तर त्याच्यावर पडणारे काम हलके केले पाहिजे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना अनेक प्रकारच्या बंधांनी धरून असतात. त्यांपैकी हायड्रोजन-बंध पाण्याने सैल पडतात. म्हणून भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि कोरड्या केसाच्या मानाने पुष्कळ कमी जोराने कापला जातो. मात्र पाणी आत मुरण्यास वेळ लागतो. दोनतीन मिनिटे तरी केस ओले राहिले पाहिजेत. पाणी कोमट असेल तर उत्तम. शिवाय केसांवर त्वचेतील तेलाचा पातळ लेप असतो. तो पाण्याला आडवा येतो. म्हणून आधी चेहरा साबणाने धुवावा. स्नानानंतर दाढी का सुखाची होते, याचे सगळे मर्म एवढ्यात आले.

फेसाचे कामही लोक समजतात त्याहून निराळे आहे. फेस काही केस कापीत नाही. तो पाण्याला केसाशी धरून ठेवतो, पात्याला घसरण्यास मदत करतो आणि कोठून पाते फिरले व कोठून नाही, ते दाखवितो. दाढीच्या मलमात ग्लिसरीन घालतात, ते पाणी धरून ठेवण्यासाठीच. आपल्या देशातील पुष्कळ गावांत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. फेस कमी येतो आणि तो साका पात्यावर बसतो. अशा ठिकाणी दाढीपुरते वाटीभर पावसाचे पाणी, किंवा दुष्फेनता उकळून जाणारी असेल तर उकळून निवळलेले पाणी वापरून पाहावे. पात्याचा ब्रँड बदलण्यापेक्षा हा बदल पुष्कळदा अधिक गुण देतो.

हाताची सवयही येथे येते. पाते आणि त्वचा यांत सुमारे तीस अंशांचा कोन असावा. पाते केसाच्या वळणाच्या दिशेने, तोकड्या हालचालींनी, यंत्राच्या वजनाहून फारसा अधिक भार न देता फिरवावे. दुसऱ्या हाताने त्वचा किंचित ताणून धरली, म्हणजे केसाला वाकण्यास कमी वाव मिळतो. वर सांगितलेल्या प्रयोगावरून हे माझे अनुमान आहे, आणि ते तेवढेच समजावे. बोथट पात्याची भरपाई जोराने करू नये. जोर लावला की धार व त्वचा दोघांचेही नुकसान होते. पाते मधून मधून पाण्यात खळबळून घ्यावे आणि शेवटी स्वच्छ धुऊन झटकावे. टॉवेलने पुसू नये. धारेला लागलेला एक फटकारा दहा केसांपेक्षा अधिक इजा करू शकतो.

कोरडे ठेवणे, तेल लावणे आणि पिरॅमिड

पाते कोरडे ठेवावे, हा सल्ला जुना आहे आणि एके काळी तो फार मोलाचा होता. पूर्वीची पाती साध्या कर्बयुक्त पोलादाची असत; एका रात्रीत त्यांच्या धारेवर गंज चढे. १९६२ साली ब्रिटनमधील विल्किन्सन सोर्ड या कंपनीने लेप दिलेली, न गंजणाऱ्या पोलादाची पाती बाजारात आणली, आणि काही वर्षांतच जगभर त्याच प्रकारची पाती रूढ झाली. यातील क्रोमियमच्या योगाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो व तो पोलादाचे रक्षण करतो. तरीसुद्धा पात्याच्या पोलादात कर्ब अधिक असल्यामुळे क्रोमियमचा काही भाग त्याच्याशी बांधला जातो. म्हणून आपल्या स्वयंपाकघरातील स्टीलच्या भांड्यांइतके ते गंजरोधक नसते. पाते झटकून हवेशीर ठेवण्यास काही खर्च येत नाही. ते जरूर करावे. समुद्रकाठच्या खारट व दमट हवेत तेलाचा थेंबही चालेल. परंतु त्यामुळे पाते दुप्पट टिकते, असे कोणी सांगू लागला, तर त्याची मोजणी कोठे आहे, हे विचारावे.

ही विचारणा किती आवश्यक आहे, ते पिरॅमिडाच्या गोष्टीवरून कळेल. प्राग येथील कारेल ड्रबाल या गृहस्थांनी १९४९ साली असा अर्ज केला की, पुठ्ठ्याच्या लहानशा पिरॅमिडाखाली पाते ठेवले असता ते बोथट होत नाही. १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात त्यांना ९१३०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. तेव्हापासून ‘पेटंट मिळाले, म्हणजे सिद्ध झाले’ असा युक्तिवाद जगभर ऐकू येतो, आणि आपल्याकडेही पिरॅमिडाच्या आकाराच्या वस्तू नाना गुणांच्या म्हणून विकल्या जातात. यात दोन चुका आहेत. पेटंट हे कल्पनेवरील हक्काचे पत्र आहे; ते निसर्गाने दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. दुसरी चूक अशी की, पिरॅमिडाखाली ठेवलेल्या पात्याची तुलना तशाच, पण चौकोनी खोक्याखाली ठेवलेल्या पात्याशी केली पाहिजे. तसे केले नाही, तर गुण आकाराचा की केवळ कोरड्या, धुळीपासून झाकलेल्या जागेचा, हे कसे कळावे? आणि उडालेला टवका परत येऊन धारेला चिकटण्यास तर कोणताच आकार पुरेसा नाही.

घरी करण्याजोगी परीक्षा

शाळांतील विद्यार्थ्यांना मी एक सोपा प्रयोग सुचवितो. विद्यार्थ्याने पात्याला हात लावू नये. दाढी करणारे घरातील वडील, मामा किंवा थोरला भाऊ असावा आणि विद्यार्थ्याकडे केवळ नोंदवही असावी. एकाच वेष्टनातील पाती घ्यावीत. एक पाते दाढीनंतर नुसते झटकून ठेवावे, दुसरे तेल लावून. कोणते आधी वापरायचे, ते नाणे उडवून ठरवावे. दाढी करणाऱ्याला कोणते पाते कोणत्या प्रकारचे, ते कळू देऊ नये. घरातील तिसऱ्या मोठ्या माणसाने ते पुसून, धुऊन यंत्रात बसवून द्यावे. रोज एक ते पाच असे गुण विचारून लिहावेत आणि ‘आता हे पाते नको’ असे ज्या दिवशी म्हटले जाईल, तो दिवस नोंदवावा. एका जोडीवरून काहीही ठरवू नये. निदान दहाबारा जोड्या झाल्या पाहिजेत.

या प्रयोगास बहुधा वर्षाहून अधिक काळ लागेल. निष्कर्ष कदाचित ‘फरक आढळला नाही’ असाच येईल. तो लिहिण्यास लाजू नये. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले. ते कर्तव्य मोठमोठ्या प्रयोगशाळांपुरते नाही. आपल्या आवडत्या समजुतीविरुद्ध पडलेला कौल वहीत प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी ते पाळीत असतो.

जेथे काटकसर चालणार नाही

आता माझ्या दुसऱ्या मताकडे वळतो. आपल्याकडे अनेक दुकानांतून दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवितात. ही युक्ती चांगली आहे. परंतु तो तुकडा एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्यास लावला, तर ती घातक ठरते. दाढी करताना त्वचेवर न दिसणाऱ्या जखमा होतात आणि धारेवर रक्ताचा अंश राहतो. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. त्यावर लस आहे. हिपॅटायटिस-सीवर अद्याप नाही. एच.आय.व्ही. शरीराबाहेर फार काळ टिकत नसला, तरी रक्ताने माखलेली धार सामायिक वापरणे धोक्याचेच. पाते जंतुनाशकात क्षणभर बुडविल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण जंतुनाशकाला आपले काम करण्यास ठरावीक वेळ द्यावा लागतो. या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर फिरणारा तुरटीचा खडा रक्त थांबवितो खरा, परंतु तोही त्याच रक्तास लागलेला असतो, हे आपण विसरतो.

यात कारागिराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते न्यायाचे होणार नाही. दाढीच्या दरात पैसा दोन पैसे घासाघीस करणारे गिऱ्हाईक आपणच असतो, आणि ती बचत शेवटी पात्यातून काढली जाते. बोथट पात्याने व सांसर्गिक रक्ताने धोका त्यालाही आहे, किंबहुना दिवसभर पाती मोडणाऱ्या व बदलणाऱ्या त्याच्या बोटांना अधिक. म्हणून माझी सूचना अशी : दुकानाच्या दरपत्रकावर नव्या पात्याची किंमत दाढीच्या दरातच धरलेली असावी, आणि पाते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वेष्टनातून काढावे. गिऱ्हाइकानेही ‘नवे पाते घाला’ हे शब्द संकोच न करता, पण सन्मानाने उच्चारावेत. अर्ध्या पात्याची किंमत एका कप चहाहूनही कमी असते.

असाच विचार टाकून दिलेल्या पात्याचाही केला पाहिजे. अमेरिकेतील जुन्या घरांत स्नानगृहातील कपाटाच्या पाठीला एक फट ठेवीत. जुने पाते त्यातून भिंतीच्या पोकळीत पडे आणि पुढे घर पाडणाऱ्यांना त्यांचे ढीग सापडत. आपण तर भिंतीचाही आडोसा न ठेवता ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो, आणि तो कचरा उघड्या हातांनी निवडणारी माणसे आपल्याच गावात राहतात. एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला बारीक फट पाडावी, जुनी पाती तीतून आत टाकावीत, डबा भरला की फट बंद करून त्यावर ‘पाती’ असे ठळक लिहावे आणि तो वेगळा द्यावा. एका माणसाच्या दाढीचा असा डबा भरण्यास वर्षे लागतात. पात्याचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत निर्विवाद लाभ मला हाच वाटतो : दरवर्षी थोडी कमी पाती त्या डब्यात पडतात.

तेव्हा घरी केस भिजवावेत, हात हलका ठेवावा, पाते झटकून ठेवावे आणि ते किती दिवस चालले ते लिहून ठेवावे. वाचलेल्या पैशांतून दुकानात नव्या पात्याची किंमत आनंदाने द्यावी. आपल्या पात्यावर केलेली काटकसर हा शहाणपणा आहे. दुसऱ्याच्या त्वचेवर आणि दुसऱ्याच्या हातांवर ती करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.